रुळांचें वळण आणि समीकरण

ठाण्यास राहणाऱ्या एखाद्या गृहिणीनें ठिपक्यांची नवी रांगोळी शिकून घेतली, आणि ती कल्याणच्या आपल्या वडील बहिणीला दूरध्वनीवरून सांगावयाची आहे, असें समजावें. ती म्हणते, “ताई, अकरा ठिपके, अकरा ओळी घाल. आतां तिसऱ्या ओळींतला चौथा ठिपका घे, आणि तो पांचव्या ओळींतल्या सहाव्या ठिपक्याला जोड.” कल्याणची बहीण ऐकत जाते, जोडत जाते आणि थोड्या वेळानें तिच्या दारापुढें तीच आकृति उमटते. कागद इकडून तिकडे गेला नाहीं, चित्र कोणीं पाहिलें नाहीं. गेले ते केवळ आंकडे. प्रत्येक ठिपक्याचें ठिकाण दोन आंकड्यांनीं सांगितलें, एक ओळीचा आणि एक ओळींतल्या क्रमाचा, कीं काम भागलें.

अडचण येते ती यापुढें. “आतां या चार ठिपक्यांवरून पाकळी गोल फिरव,” असें म्हटलें कीं ऐकणारी विचारते, “गोल म्हणजे किती गोल?” आणि येथें बोलणारीचे शब्द संपतात. नभोवाणीवर भाषण करणाऱ्याला ही अडचण चांगलीच परिचयाची असते. त्याच्यापाशीं फळा नसतो आणि श्रोत्यांना त्याचे हातवारे दिसत नाहींत. सरळ रेषा तोंडानें सांगतां येते, कारण तिचीं दोन टोंकें सांगितलीं कीं मधलें सारें आपोआप आलें. वांकड्या रेषेचें तसें नाहीं. तिच्यावर अगणित ठिपके आहेत, आणि अगणित ठिपक्यांचे आंकडे कोण सांगणार व कोण ऐकून घेणार?

या प्रश्नाचें जें उत्तर गणितानें शोधून काढलें, तें ऐकावयास फार साधें आहे. ठिपके सांगूं नयेत. ठिपक्यांनीं पाळावयाचा नियम सांगावा.

अंगणाच्या मधोमध एक ठिपका घालावा. यास आरंभबिंदु म्हणूं द्या. तेथून पूर्वेकडे किती गेलें त्या अंतराला क्ष म्हणावें, आणि उत्तरेकडे किती गेलें त्यास य म्हणावें. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील अंतरें ऋण धरावयाचीं. आतां नियम असा सांगितला कीं क्षचा वर्ग आणि यचा वर्ग यांची बेरीज २५ भरली पाहिजे. चिन्हांत लिहावयाचें तर

क्ष² + य² = २५

एवढेंच. हें समीकरण तिकिट तपासणाऱ्या अंमलदारासारखें दाराशीं उभें असतें. अंगणांतील प्रत्येक बिंदु आपले दोन आंकडे घेऊन त्याच्यापुढें येतो. तीन आणि चार हे आंकडे घेऊन आलेल्या बिंदूचे वर्ग नऊ आणि सोळा, बेरीज पंचवीस. त्याला प्रवेश मिळतो. तीन आणि तीन घेऊन आलेल्याची बेरीज अठराच भरते. तो परत जातो. चार आणि चार वाल्याची बत्तीस होते, तोहि परत. जितक्या बिंदूंना आंत घेतलें तितके सारे एकत्र पाहिले, तर आरंभबिंदूभोवतीं पांच हात त्रिज्येचें वर्तुळ तयार झालेलें दिसतें. तपासणीसाला वर्तुळ ठाऊक नाहीं. त्याला वर्ग करणें आणि बेरीज करणें एवढेंच येतें.

शाळेंतील पुष्कळ मुलांची समजूत याच जागीं चुकते. समीकरण पाहिलें कीं ‘क्ष काढावयाचा’ असें त्यांच्या हाताला वळण पडलेलें असतें; त्यामुळें क्ष² + य² = २५ यांत क्षची किंमत किती, असा प्रश्न तीं विचारतात आणि उत्तर एक नाहीं हें पाहून गोंधळतात. येथें क्ष काढावयाचा नसतो. येथें क्ष फिरावयाचा असतो. महाराष्ट्रांतील दहावीच्या पुस्तकांत ‘निर्देशक भूमिति’ या नांवाचें प्रकरण आहे. त्यांत दोन बिंदूंमधील अंतराचें सूत्र मुलें मुखोद्गत करतात. तें सूत्र म्हणजे ह्याच वर्तुळाची गोष्ट आहे, एवढें त्यांस कोणी सांगितलें तर पाठांतराचा अर्धा भार हलका होईल.

मुंबईहून येणारा लोहमार्ग कल्याणास दुभंगतो. एक फांटा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे जातो. दुसरा कसाऱ्यापुढें थळघाट चढून नाशिक, मनमाड करीत चाळीसगांवास पोहोंचतो. चाळीसगांवापासून जवळच पाटण म्हणून एक स्थान आहे. तेथील एका शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद असून, शके ११२८ चा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. कल्याणहून त्या फांट्यानें जाणारा प्रवासी नकळत त्यांच्या प्रांतांतून जात असतो, हा योगायोग खरा. परंतु प्रस्तुत विषयाशीं त्यांचा संबंध योगायोगापुरता नाहीं.

काटकोनत्रिकोणाच्या दोन बाजूंना ते भुज आणि कोटि म्हणतात, तिसरीला कर्ण. भुजाचा वर्ग आणि कोटीचा वर्ग मिळून कर्णाचा वर्ग होतो. वर सांगितलेल्या वर्तुळाचा नियम याहून वेगळा नाहीं; पूर्वेकडील अंतर हा भुज, उत्तरेकडील ती कोटि आणि पांच हात हा कर्ण. मराठींत बिंदूच्या दोन निर्देशकांना भुज व कोटि हींच नांवें दिलीं गेलीं, तीं या कारणानें. आणि चिन्हें म्हणावीं, तर तींहि त्यांच्यापाशीं होतीं. अज्ञात राशीला यावत्तावत्, त्याहून दुसरी अज्ञात असली तर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें देऊन त्यांचीं पहिलीं अक्षरें या, का, नी, पी, लो अशीं लिहीत. वर्गासाठीं व, घनासाठीं घ, आणि ज्ञात संख्येसाठीं रू म्हणजे रूप. बरोबरीचें चिन्ह नव्हतें. समीकरणाच्या दोन बाजू एकीखालीं एक मांडीत. त्या रीतीनें अंगणांतलें वर्तुळ असें लिहितां येईल:

याव १ काव १ रू ०
याव ० काव ० रू २५

सजातीय पदें एकाखालीं एक येतात, आणि जें नाहीं त्याच्या जागीं शून्य बसतें. हिशेबाच्या वहीसारखी ही मांडणी आजच्याहून कांहीं बाबतींत अधिक नीटस आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. बीजगणित या ग्रंथांत त्यांनीं १५ आणि २० या बाजूंचा काटकोनत्रिकोण घेऊन त्याचा कर्ण काढण्याची उपपत्तिहि दिली आहे. म्हणजे आकृतीला अक्षरें लावण्याचें काम येथवर झालेलें होतें. मात्र कर्ण कायम ठेवून भुज आणि कोटि दोन्ही मोकळ्या सोडल्या, तर त्यांचें टोंक कोणत्या वाटेनें हिंडेल, आणि उलट कोणतेंहि दोन अज्ञातांचें समीकरण घेतलें तर त्याची वाट कशी दिसेल, हा प्रश्न सर्वसामान्य रीतीनें हातीं घेतला गेला तो सतराव्या शतकांतील फ्रान्समध्यें.

तेथें दोन माणसें एकाच सुमारास पण स्वतंत्रपणें या विचारावर आलीं. एक रेने देकार्त. त्याचा भूमितीवरील निबंध १६३७ मध्यें छापला गेला. दुसरा तुलूझच्या न्यायसभेंतील अधिकारी प्येर द फेर्मा. त्याचे कागद मित्रमंडळींत हातोहात फिरले, पण छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्यें. ज्ञात राशींना वर्णमालेच्या आरंभींचीं अक्षरें आणि अज्ञातांना शेवटचीं, ही पद्धति देकार्तची. अक्षराच्या डोक्यावर लहानसा आंकडा लिहून घात दाखविण्याची पद्धतहि त्यानेंच रूढ केली. वर्गासाठीं मात्र तो स्वतः बहुधा तेंच अक्षर दोनदां लिही. दोन आडव्या रेघांचें बरोबरीचें चिन्ह इंग्लंडांतील रॉबर्ट रेकॉर्ड यानें १५५७ मध्येंच सुचविलें होतें; देकार्त तेंहि वापरीत नसे. आज जें क्ष² + य² = २५ एका दमांत लिहिलें जातें, त्यांतील एकेक खूण अशी निरनिराळ्या गांवांहून आलेली आहे. मराठी पुस्तकांत पूर्वीं क्ष आणि य असत, आतां बहुतेक ठिकाणीं रोमन अक्षरें असतात. यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. तपासणीसानें खाकी कोट घालावा कीं काळा, यावर गाडीचें चालणें अवलंबून नसतें.

आतां ठाणें व कल्याण यांजकडे परत यावें, कारण या विद्येचें काम या दोन गांवांच्या दरम्यान रोज चालतें.

आधीं सरळ रेषा. मुंबईपासून ठाणें ३४ किलोमीटर आणि कल्याण सुमारें ५४. एक गाडी ठाण्याहून कल्याणकडे ताशीं ४० किलोमीटर वेगानें, कोठेंहि न थांबतां निघाली. निघाल्यापासून गेलेले तास क्ष, आणि मुंबईपासूनचें अंतर य मानलें, तर य = ३४ + ४०क्ष. त्याच क्षणीं कल्याणहून दुसरी गाडी तितक्याच वेगानें उलट निघाली; तिचें समीकरण य = ५४ − ४०क्ष. कागदावर काढल्या तर ह्या दोन सरळ रेषा होतात, एक चढती, एक उतरती. त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें दोन्ही समीकरणें एकदम खरीं असतात: क्ष पाव तास, य ४४ किलोमीटर. अर्थात् दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान पंधराव्या मिनिटाला ह्या गाड्या एकमेकींजवळून जातील. रेल्वेच्या नियंत्रणकक्षांत गाड्यांचा जो आलेख असतो, तो अशाच रेषांचें जाळें असतो. त्यांतील प्रत्येक छेदबिंदु म्हणजे दोन गाड्यांची भेट, आणि ती भेट एकाच रुळावर होतां कामा नये एवढ्यासाठींच तो काढावयाचा.

परंतु ही झाली कागदावरची रेषा. जमिनीवर मार्ग सरळ राहत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षींच्या मे महिन्यांत ती कल्याणपर्यंत पोहोंचली. ठाण्यापुढें खाडी ओलांडली कीं पारसिकचा डोंगर आडवा येतो. जुना मार्ग डोंगराच्या पायथ्याशीं मुंब्र्यावरून वळसा घेऊन जातो. १९१६ मध्यें डोंगर फोडून सुमारें १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला, तेव्हां दुसरी, अधिक सरळ वाट मिळाली. मुंब्र्याच्या बाजूनें जातांना खिडकींतून पाहणाऱ्याला आपल्याच गाडीचे पुढचे डबे वांकून चाललेले दिसतात. हें वळण जमिनीवर कसें आंखलें जातें, आणि तें बरोबर आहे कीं नाहीं हें कसें कळतें?

वर्तुळ काढण्याचा घरगुती उपाय म्हणजे मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरविणें. रुळांच्या बाबतींत तो निरुपयोगी. वळणाची त्रिज्या ५०० मीटर असली तर मध्यबिंदु अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे डोंगराच्या पोटांत किंवा खाडीच्या चिखलांत पडावयाचा. तेथें खुंटी ठोकण्यास कोण जाणार? मध्यबिंदूचें तोंडहि न पाहतां वर्तुळ ओळखलें पाहिजे. आणि हें साधतें तें समीकरणानें.

भारतीय रेल्वेंत त्याची रीत अशी आहे. वळणाच्या बाहेरच्या रुळावर दर दहा मीटरांवर खूण करतात. मग २० मीटर लांबीची दोरी घेऊन तिचीं दोन टोंकें रुळाच्या आंतल्या अंगाला टेकवून ती ताठ धरतात. रूळ बाहेरच्या बाजूस फुगलेला असल्यामुळें दोरीच्या मध्याशीं रूळ आणि दोरी यांत फट पडते. ती फट मिलिमीटरांत मोजतात. सगळें एवढेंच, पण ह्या फटींत अख्खें वर्तुळ बसलेलें असतें. वर्तुळाचें समीकरण क्ष² + य² = ५००² असें घ्यावें. दोरीच्या मध्यापासून टोंक दहा मीटर, म्हणून क्ष = १०. तेव्हां य² = २,५०,००० − १०० = २,४९,९००, आणि य जवळजवळ ४९९.९ मीटर. पांचशेंतून तें वजा केलें कीं राहिले ०.१ मीटर, म्हणजे १०० मिलिमीटर. अर्ध्या वितेहूनहि थोडी कमी अशी ही फट मोजली, आणि अर्ध्या किलोमीटरवरचा न दिसणारा मध्यबिंदु सांपडला! उलट हिशेब आणखी सोपा आहे: ५०,००० ला फटीच्या मिलिमीटरांनीं भागिलें कीं त्रिज्या मीटरांत मिळते. फट ५० भरली तर त्रिज्या १,००० मीटर, २०० भरली तर २५०.

हीच दोरी आणखी एका कामी येते, आणि तें काम केवळ मार्गाच्या मोजणीचें नाहीं. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर, विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन भरगच्च लोकल गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खालीं पडले आणि निदान चौघांचे प्राण गेले. त्या दिवशीं कोणाचा किती दोष होता हा विषय येथला नव्हे; दारांत लोंबकळण्याची पाळी ज्या गर्दीमुळें येते ती गर्दी कोणत्याहि समीकरणानें हटणार नाहीं. परंतु वळणावर दोन शेजारच्या गाड्या सरळ मार्गावरच्यापेक्षां एकमेकींच्या अधिक जवळ येतात, ही गोष्ट प्रत्येक प्रवाशानें जाणली पाहिजे, आणि ती किती जवळ येतात हें काढतां येतें.

रूळ वांकतो, पण डबा वांकत नाहीं. तो सरळच असतो आणि दोन टोंकांजवळच्या चाकांच्या जोडगाड्यांवर टेकलेला असतो. म्हणजे डबा ही वळणावर ताणलेली दोरीच झाली. त्याचा मधला भाग वळणाच्या आंतल्या बाजूस येतो, आणि जोडगाड्यांच्या पलीकडचीं टोंकें बाहेरच्या बाजूस डोकावतात. डब्याची लांबी २० मीटर, जोडगाड्यांमधील अंतर १५ मीटर आणि त्रिज्या ५०० मीटर धरली, तर मध्य सुमारें ५६ मिलिमीटर आंत येतो आणि टोंक सुमारें ४४ मिलिमीटर बाहेर जातें. बाहेरच्या मार्गावरील डब्याचा मध्य जेव्हां आंतल्या मार्गावरील डब्याच्या टोंकाशेजारून जातो, तेव्हां दोहोंतील अंतर १०० मिलिमीटरनें कमी झालेलें असतें. जोडगाड्या १५ ऐवजी १४ किंवा १६ मीटरांवर बसविल्या तर काय होईल? चित्र काढून पाहणाऱ्याला वाटेल, कांहीं तरी फरक पडेल. समीकरण सांगतें, बेरीज तीच. एक हिस्सा जितका घटतो तितकाच दुसरा वाढतो. शेवटीं उरतो तो फक्त डब्याच्या लांबीचा वर्ग, त्रिज्येच्या आठपटीनें भागलेला. आणि २० मीटरचा डबा असेल तर ही संख्या, २० मीटरच्या दोरीनें दाखविलेल्या फटीइतकीच येते. रुळाची फट मोजणारे कामगार अशा रीतीनें दोन गाड्यांमधलें हरवलेलें अंतरहि त्याच आंकड्यांत वाचीत असतात. त्रिज्या निम्मी झाली कीं तें दुप्पट. यासाठींच वळणावर दोन मार्गांमध्यें जास्त जागा सोडावी लागते. आणि दारांतून बाहेर काढलेल्या खांद्याचा किंवा पाठीवरच्या पिशवीचा हिशेब त्या जागेंत कोणींहि धरलेला नसतो.

एक गोष्ट अजून राहिली. सरळ मार्गाला ५०० मीटर त्रिज्येचें वर्तुळ एकदम जोडलें तर काय होईल? कागदावर तो सांधा अत्यंत सुबक दिसतो. डोळ्याला खोट सांपडत नाहीं. दोरीला सांपडते. सरळ भागावर फट शून्य, शून्य, शून्य, आणि मग एकाएकीं शंभर. डब्यांतल्या माणसाला त्याच जागीं हिसका बसेल, कारण बाहेर फेंकणारा जोर एका क्षणांत उत्पन्न होईल. या जोराला तोंड देण्यासाठीं वळणावर बाहेरचा रूळ आंतल्यापेक्षां उंच बसवितात. ५०० मीटर त्रिज्येवर ताशीं ६० किलोमीटर वेगासाठीं ही उंची सुमारें ९९ मिलिमीटर येते. वेग दुप्पट केला तर ती चौपट लागेल. आतां सरळ भागावर दोन्ही रूळ समान आणि पुढच्या पावलाला एक रूळ चार बोटांहून जास्त उंच, अशी पायरी लोहमार्गांत घालतां येत नाहीं. तेव्हां सरळ आणि वर्तुळ यांच्या मध्यें अशी एक रेषा हवी, जिचें वांकणें शून्यापासून सुरू होऊन समान हप्त्यांनीं वाढत जाईल.

ती कोणती, हें शोधण्यास थोडी अंकगणिताची करमणूक पुरेशी आहे. १, २, ३, ४, ५ यांचे वर्ग शून्यापासून लिहावे: ०, १, ४, ९, १६, २५. लगतच्या दोहोंतील फरक १, ३, ५, ७, ९. या फरकांतले फरक २, २, २, २. आतां घन घ्यावे: ०, १, ८, २७, ६४, १२५. फरक १, ७, १९, ३७, ६१. आणि फरकांतले फरक ६, १२, १८, २४. दोरीची फट म्हणजे ह्या दुसऱ्या फरकाची निम्मी असते. वर्गाच्या रेषेला सर्वत्र सारखी फट, आणि घनाच्या रेषेला सारख्या पायऱ्यांनीं वाढणारी. वर्तुळाचा लहान तुकडा वर्गाच्या रेषेशीं, म्हणजे मराठींत जिला अन्वस्त म्हणतात तिच्याशीं, जवळजवळ जुळतो. म्हणून त्याची फट स्थिर. हवी असलेली मधली रेषा अर्थात् घनाची.

त्रिज्या ५०० मीटर आणि मधल्या भागाची लांबी १०० मीटर असेल, तर तिचें समीकरण

य = क्ष³ ÷ ३,००,०००

असें येतें. येथें क्ष म्हणजे सरळ मार्गाच्या दिशेनें पुढें गेलेलें अंतर, आणि य म्हणजे त्या सरळीपासून रूळ किती बाजूला सरला तें. पहिल्या दहा मीटरांत रूळ केवळ तीन मिलिमीटर बाजूला जातो. डोळा शपथेवर सांगेल कीं मार्ग सरळ आहे. पन्नास मीटरांवर ४२ सेंटिमीटर, आणि शंभर मीटरांवर ३.३३ मीटर. दोरी धरली तर एकेका खुणेवर १०, २०, ३०, ४० अशी वाढ मिळत १०० पर्यंत जाते; अगदीं सांध्यावर एकदोन मिलिमीटरांचा फरक दिसेल तेवढाच. बाहेरच्या रुळाची उंचीहि त्याच बेतानें, दर मीटरला सुमारें एक मिलिमीटर अशी चढविली, कीं प्रवाशाच्या हातांतील वर्तमानपत्राची घडी हलत नाहीं. भारतांतील लोहमार्गांवर हीच घनाची रेषा प्रचारांत आहे. डोंबिवलीहून निघालेल्या किती जणांना आपण एखाद्या घनसमीकरणावरून चाललों आहों याची जाणीव असेल कोण जाणे. नसावी, हेंच त्या रेषेचें यश.

रोज शेंकडों गाड्या जाऊन रूळ हळूहळू सरकतात. कोठें बिघडलें हें पाहण्यास पुन्हां दोरी. वर्तुळाच्या भागांत १००, १००, ९६, १०८, ९६, १०० अशीं वाचनें आलीं, तर अनुभवी माणूस चटकन् ओळखतो कीं चौथ्या खुणेशीं रूळ आठ मिलिमीटर बाहेर गेला आहे. रूळ एका ठिकाणीं बाहेर सरला म्हणजे तेथील फट तितकीच वाढते, आणि दोन्ही शेजारच्या खुणांची फट त्याच्या निम्म्यानें कमी होते. सहा आंकड्यांची बेरीज मात्र सहाशेंची सहाशेंच राहते. वळणाच्या दोन्ही टोंकांचे सरळ मार्ग जागच्या जागीं असतील, तर मध्यें रूळ कितीहि वेडावांकडा झाला तरी ही बेरीज बदलत नाहीं. म्हणून दुरुस्ती करणारा प्रथम बेरीज ताडून पाहतो, आणि ती जुळली नाहीं तर रुळाला हात लावण्यापूर्वीं मोजणीच पुन्हां करतो. बेरीज जुळली कीं चौथ्या खुणेशीं रूळ आठ मिलिमीटर आंत घेतात, खडी ठासतात आणि दोरी पुढें नेतात. नव्वद, ऐंशीं, सत्तर असे आंकडे उतरत जातात, आणि वळणाच्या शेवटीं दोरी रुळाला अंगभर चिकटते.